‘आर पॅक्ड’ आणि ‘आर बीइंग पॅक्ड’: सोलापूरच्या टॉवेल कारखान्यातलं एक प्रकरण

काय घडलं

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून परदेशी ग्राहकाला मेल गेला. त्यात एक वाक्य होतं: ‘द टॉवेल्स आर पॅक्ड.’ लिहिणारीला म्हणायचं होतं की टॉवेलांचं पॅकिंग चालू आहे. वाचणाऱ्याने घेतलं ते असं, की टॉवेल पॅक होऊन तयार आहेत. त्याने तपासणी करणाऱ्या कंपनीला दिवस देऊन टाकला आणि ठरल्या दिवशी तपासनीस गेटवर हजर. निर्यातीच्या मालाची शेवटची तपासणी साधारणपणे सगळं उत्पादन संपलं आणि निदान ८० टक्के माल कार्टनमध्ये गेला की होते. इथे निम्म्या टॉवेलांच्या कडा अजून शिवायच्या होत्या. तपासनीस आल्या पावली परत गेला, फेरतपासणीचा खर्च कारखान्यावर पडला आणि ग्राहकाचा पुढचा मेल नेहमीपेक्षा बराच कोरडा आला.

मालकांनी मेल लिहिणाऱ्या मुलीला बोलावून एवढंच विचारलं, ‘अगं, ग्रामरचा क्लास लावला होतास ना तू?’

लावला होता. त्याआधी एक गाईडही तिने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सोडवलं होतं. म्हणूनच हे प्रकरण लिहून ठेवण्यासारखं वाटलं. व्याकरण न शिकलेल्या माणसाची चूक समजायला सोपी असते. शिकलेल्या, पाठ असलेल्या, पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलीकडून नेमकी तीच चूक का होते, हा खरा प्रश्न आहे.

मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर, राहायला पूर्व भागात, शाळा मराठी माध्यमाची. घरात तेलुगू. कारखान्यात ती निर्यातीची कागदपत्रं बघते: प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, न्हावा शेवा बंदराला जाणाऱ्या कंटेनरचा पाठपुरावा, आणि दिवसभर मेल. सोलापुरी चादरीला आणि सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, माल नावाजलेला आहे. पण परदेशातल्या ग्राहकाला त्या मालाबद्दल दररोज जे कळतं ते अशाच एखाद्या मुलीच्या चार ओळींतून.

ओळखीतल्या काहींनी तिला सांगितलं होतं की घरी तेलुगू, शाळेत मराठी, म्हणून इंग्रजीचा गोंधळ. ती माझ्याकडे इंग्रजी शिकायला आली तेव्हा हे मला पटलं नाही. सोलापुरात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी चालते आणि पोरं चारही भाषांत भांडतात. शिवाय तिच्या चुका आणि निव्वळ मराठी घरातून माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या चुका शेजारी ठेवल्या तर वेगळ्या ओळखू येत नाहीत. ऑफिसातलं वाक्य ती मनात मराठीत जुळवते. त्यामुळे शोध मराठीतच घ्यायचा होता.

वही आणि मेल

मी तिच्याकडून दोन गोष्टी मागवल्या: सोडवलेल्या स्वाध्यायांची वही, आणि पाठवलेल्या मेलच्या प्रती, ग्राहकांची नावं आणि दर खोडून.

वही बघून कुठल्याही शिक्षकाचा जीव सुखावला असता. ‘द लेटर ... (राइट) बाय हिम यस्टरडे’ या ओळीत ‘वॉज रिटन’ व्यवस्थित भरलेलं. वाच्य बदलायची, म्हणजे ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करायची, पानंच्या पानं बरोबर. ‘एन्जॉय’ पुढे ‘आयएनजी’, ‘डिसाइड’ पुढे ‘टु’, सगळं जागच्या जागी.

मेलमध्ये मात्र हे सापडलं. ‘वी हॅव सेंट द सॅम्पल्स ऑन मंडे.’ ‘यू मस्ट रिलीज द पेमेंट.’ ‘वी सजेस्ट टु चेंज द शेड.’ ‘आय फरगॉट सेंडिंग द पॅकिंग लिस्ट.’ आणि एका मेलमध्ये ‘युअर ऑर्डर इज डाइंग’, म्हणजे रंगाईला गेली आहे असं सांगायचं होतं. रंगवण्याच्या ‘डाइंग’मध्ये एक ‘ई’ जास्त असतो, तो तिने गाळला होता, त्यामुळे ग्राहकाला त्याची ऑर्डर शेवटच्या घटका मोजत असल्याचं कळलं. स्पेलिंग बरोबर असतं तरी वाक्य चुकलंच असतं, कारण ऑर्डर स्वतः काही रंगवत नाही, ती रंगवली जाते. तो ग्राहक भला माणूस. त्याने हसण्याची खूण पाठवून विषय संपवला.

एकाच हाताची, एकाच महिन्यातली ही दोन लेखनं. मी तिला कागदावर थोडी मराठी वाक्यं लिहून दिली, तिच्याच कामातली. धड्याचं नाव नाही, कंसात क्रियापद नाही, कुठला काळ वापरायचा याची सूचना नाही. पेन हातात धरून ती बराच वेळ बसली आणि म्हणाली, ‘मॅडम, चॅप्टर कुठला ते कळलं की सगळं येतंय. चॅप्टर माहीत नसला की गडबड होती.’

निदान तिनेच करून टाकलं. गाईडमध्ये धड्याच्या डोक्यावर ‘पॅसिव्ह व्हॉइस’ लिहिलेलं असतं आणि खालची सगळी वाक्यं पॅसिव्हचीच असतात. क्रियापद कंसात दिलेलं असतं. ओळीच्या शेवटी ‘यस्टरडे’ असतं. मुलीने करायचं उरतं काय, तर ‘राइट’चं ‘रिटन’. रूप बनवण्याचा सराव होतो. कुठलं रूप हवं हे ठरवण्याचा सराव एकदाही होत नाही, कारण ते लेखकाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. मेल लिहिताना मात्र ठरवण्याचंच काम असतं. रूप तर पाठ आहेच.

भिंतीवरच्या बारा काळांच्या तक्त्याबद्दलही इथेच बोलते. इंग्रजीत क्रियापदाचं रूप बदलून होणारे काळ दोनच, वर्तमान आणि भूत. बाकीचे सगळे ‘हॅव’, ‘बी’ आणि ‘विल’ या सहायकांच्या जोडणीतून उभे राहतात. बारा चौकटी पाठ करणाऱ्याला या तीन सहायकांचं काम काय, हे विचारलं की तो गप्प होतो. तक्ता टांगायला माझी हरकत नाही, त्याला शिकवणं समजायला आहे.

कुठे उभं राहून बघतोय

१९४७ साली हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाने काळाची एक मांडणी केली. ती मूळची तर्कशास्त्रातली, पण वर्गात फार कामाला येते. त्याचं म्हणणं असं की काळ समजायला दोन क्षण पुरत नाहीत, तीन लागतात: बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण, आणि जिथे उभं राहून आपण घटनेकडे बघतो तो क्षण. ‘वी सेंट’ म्हणताना आपण सोमवारी, घटनेजवळच उभे असतो. ‘वी हॅव सेंट’ म्हणताना आज उभे असतो आणि मागे वळून बघतो. ‘वी हॅड सेंट’ म्हणताना मधल्या कुठल्यातरी क्षणी, समजा ग्राहकाचा फोन आला त्या वेळी, उभे राहून त्याच्याही मागे बघतो.

आता ‘वी हॅव सेंट द सॅम्पल्स ऑन मंडे’ का बसत नाही ते दिसतं. ‘हॅव’ आपल्याला आजच्या दिवसात उभं करतं आणि ‘ऑन मंडे’ सोमवारात ओढतं. मराठीत ही ओढाताण होत नाही. ‘सोमवारी सॅम्पल पाठवले आहेत’ हे निर्दोष मराठी आहे. म्हणजे तिची चूक अज्ञानातून आलेली नव्हती, बरोबर मराठीतून आलेली होती. हे तिला सांगितल्यावर तिचे खांदे जरा सैल झाले. उपाय साधा आहे: वार सांगायचा तर ‘वी सेंट’, वाराला महत्त्व नसून सॅम्पल वाटेत आहेत एवढंच कळवायचं तर ‘वी हॅव सेंट’ आणि वार गाळायचा.

याच वाटेने ‘मी इथे तीन वर्षांपासून काम करते’ याचं ‘आय एम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ होतं. मराठीला तिथे वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीला आज उभं राहून मागची तीन वर्षं दाखवायची असतात, म्हणून ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स’. ‘फॉर’ कालावधीला, ‘सिन्स’ सुरुवातीच्या बिंदूला. हे सगळ्यांना पाठ असतं आणि सगळेच चुकतात, त्यावर जास्त लिहीत नाही.

ऑर्डर हाच कर्ता

पॅसिव्हवर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि घालवायलाच हवा होता, कारण तपासणीचा घोळ तिथेच झाला होता.

शाळेत पॅसिव्ह शिकवतात तो राम आणि रावणाच्या मदतीने. ‘रामा किल्ड रावणा’चं ‘रावणा वॉज किल्ड बाय रामा’ करायचं. मुलं उलटापालट शिकतात, पण ती कधी करायची हे कोणी सांगत नाही. त्यात आणखी एक गुंता: मराठी व्याकरणाच्या तासाला ‘मी ऑर्डर पाठवली’ हा कर्मणी प्रयोग म्हणून शिकवला जातो आणि इंग्रजीच्या तासाला कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असं सांगितलं जातं. दोन्ही तास जोडले की हुशार मुलगी हमखास फसते. ‘मी ऑर्डर पाठवली’ याचं इंग्रजी सरळ ‘आय सेंट द ऑर्डर’ असंच होतं. पॅसिव्हला जवळचं मराठी म्हणजे ‘ऑर्डर पाठवण्यात आली’ किंवा ‘पाठवली गेली’.

मी तिला राम-रावण सोडायला सांगितले आणि कारखान्याच्या मजल्यावर जायला सांगितलं. दुपारच्या सुट्टीनंतर एक फेरी, हातात चालू ऑर्डरींची यादी. वाक्य ऑर्डर नंबरानेच सुरू करायचं. माणसाचं नाव घ्यायचं नाही, कारण परदेशातल्या ग्राहकाला शिलाई कोण करतं याच्याशी देणंघेणं नाही. ऑर्डर कर्त्याच्या जागी बसली की पॅसिव्ह आपोआप येतं, उलटापालट करावी लागत नाही. मग प्रश्न एकच उरतो: ऑर्डर आत्ता कुठे आहे?

धागा रंगाईला गेलेला नाही: ‘हॅज नॉट बीन डाइड येट’. मागावर आहे: ‘इज बीइंग वोव्हन’. कडा शिवून झाल्या: ‘हॅव बीन हेम्ड’. मंगळवारी कंटेनर भरला: ‘वॉज लोडेड ऑन ट्यूजडे’. शुक्रवारपर्यंत पॅक होऊन गेलेलं असेल: ‘विल हॅव बीन पॅक्ड बाय फ्रायडे’. ही वाक्यं तिने पाठ केली नाहीत, बघून लिहिली. रोज त्याच ऑर्डरी एक-एक टप्पा पुढे सरकायच्या आणि वाक्याचं रूपही सरकायचं. काल ‘इज बीइंग’ होतं ते आज ‘हॅज बीन’ का झालं, हे समोरचा ढीग सांगायचा.

‘आर पॅक्ड’चं काय झालं होतं तेही इथेच उलगडलं. ‘द टॉवेल्स आर पॅक्ड’ याचे दोन अर्थ निघतात. एक, माल पॅक अवस्थेत पडलेला आहे. दोन, टॉवेल पॅक करण्याची आपली पद्धत, जसं ‘द टॉवेल्स आर पॅक्ड इन कार्टन्स ऑफ ट्वेंटी-फोर’. काम चालू आहे हा तिसरा अर्थ त्यातून कधीच निघत नाही. त्याला ‘बीइंग’ लागतंच. एवढासा हा शब्द गाईडमध्ये एका गुणाचा असतो. इथे त्याची किंमत तपासनिसाच्या एका खेपेएवढी निघाली. ‘पॅकिंग इज इन प्रोग्रेस’ हेही चालतं, आणि घाईत तिने तेच वापरावं असं मीच सुचवलं. ‘द टॉवेल्स आर पॅकिंग’ मात्र नको. ते स्वतःला पॅक करत नाहीत.

मग एक आठवडा उलट बाजूने गेला. पॅसिव्ह जमलं म्हटल्यावर तिने सगळंच पॅसिव्ह करून टाकलं: ‘द कंटेनर हॅज बीन अराइव्ड’, ‘द प्रॉब्लेम वॉज हॅपन्ड’. हे अपेक्षितच असतं. तिला मराठीतलीच खूण दिली: पोहोचणे आणि पोहोचवणे, घडणे आणि घडवणे. जे आपोआप पोहोचतं, घडतं, ते इंग्रजीतही पॅसिव्ह होत नाही. ‘पोहोचवणे’ असेल, म्हणजे ‘डिलिव्हर’, तर होतं.

पॅसिव्हचा आणखी एक उपयोग व्याकरणाच्या पुस्तकांत क्वचित येतो. ग्राहकाने शेड, म्हणजे रंगाची छटा, मंजूर करायला उशीर केला आणि त्यामुळे आपल्याला उशीर झाला, तर ‘यू डिड नॉट अप्रूव्ह द शेड इन टाइम’ म्हणजे बोट दाखवणं. ‘द शेड वॉज अप्रूव्ड ओन्ली ऑन द ट्वेंटिएथ’ म्हटलं की तारीख बोलते, आपण बोलत नाही. पण हे आपल्या स्वतःच्या चुकीला लावू नये. ‘अ मिस्टेक वॉज मेड’ हे अंग काढून घेतल्यासारखं वाचलं जातं. तिथे ‘वी मेड अ मिस्टेक’ हेच सभ्य. मालकांना हे आवडलं नाही, पण त्यांनी ते चालवून घेतलं.

‘मस्ट’चा त्रास

मोडल क्रियापदांचा तक्ता प्रत्येक गाईडमध्ये असतो: कॅन म्हणजे शकणे, मस्ट म्हणजे पाहिजे, मे म्हणजे कदाचित. तक्त्यात कोण कोणाला सांगतंय याची नोंद नसते. म्हणून ‘पेमेंट करायला पाहिजे’चं ‘यू मस्ट रिलीज द पेमेंट’ झालं. हे सोलापुरातून गेलेलं वाक्य ग्राहकाने वाचलं तेव्हा त्याला वसुलीची नोटीस आल्यासारखं वाटलं असणार. पैसे आपलेच येणं आहेत, तरी देणारा ग्राहक आहे. तिथे ‘कुड यू प्लीज रिलीज द पेमेंट’ किंवा ‘वी वुड बी ग्रेटफुल इफ...’ हीच वाट.

याहून मजेशीर चूक तिने चांगुलपणातून केली होती. ग्राहकाला आत्ता पैसे भरायची गरज नाही असं सांगायचं होतं. तिने लिहिलं, ‘यू मस्ट नॉट पे नाऊ.’ म्हणजे खबरदार, आत्ता पैसे भरलेत तर. ‘मस्ट’ला ‘नॉट’ लागलं की गरज संपत नाही, मनाई सुरू होते. गरज संपवायची तर ‘डोन्ट हॅव टु’ किंवा ‘नीड नॉट’. मराठीत ‘भरायचे नाहीत’ आणि ‘भरायची गरज नाही’ हे आपण कधी गोंधळत नाही, त्यामुळे हा फरक तिला लगेच कळला.

खरं तर मोडलच्या बाबतीत मराठी माणसाची तयारी चांगली असते, फक्त ती कोणी वापरत नाही. ‘पाठवावं लागलं’ म्हणजे ‘हॅड टु सेंड’, कारण ‘मस्ट’ला असा भूतकाळ नाही. ‘पाठवायला पाहिजे होतं’, आणि पाठवलं नाही, म्हणजे ‘शुड हॅव सेंट’. ‘भिजला असणार’ म्हणजे ‘मस्ट हॅव गॉट वेट’. ‘भिजला असेल कदाचित’ म्हणजे ‘मे हॅव गॉट वेट’. पावसाळ्यात कार्टन ओली निघाल्याची तक्रार आली तेव्हा यांतलं कुठलं वाक्य जातं यावर जबाबदारी कोणाच्या बाजूला झुकते हे ठरतं. ती तक्रार खरीच आली होती. ‘द कार्टन्स मस्ट हॅव गॉट वेट ॲट द पोर्ट’ असा तिचा पहिला मसुदा होता. बंदरावर कोणी बघितलं होतं? कोणीच नाही. ‘मे’ घातलं.

‘कुड’ची एक खोच आहे, ती पदवीधरांनाही माहीत नसते. ‘काल आम्ही कंटेनर रवाना करू शकलो’ याला ‘वी कुड डिस्पॅच द कंटेनर यस्टरडे’ असं म्हणत नाहीत. एकदाच घडलेल्या, साधलेल्या गोष्टीला ‘वेअर एबल टु’ किंवा ‘मॅनेज्ड टु’ लागतं. नकारात मात्र ‘कुड नॉट’ बिनधास्त चालतं. ‘कॅन एबल टु’ ही जोडगोळी तिच्या मेलमध्ये दोनदा होती, ती एका वाक्यात गेली.

पाठवायला विसरले, पाठवल्याचं विसरले

जेरंड (‘आयएनजी’ लावलेलं रूप) आणि इन्फिनिटिव्ह (‘टु’ लावलेलं रूप) म्हटलं की कुठल्या क्रियापदापुढे काय येतं याच्या याद्या येतात. तिला दोन्ही याद्या तोंडपाठ होत्या आणि तरीही ‘आय फरगॉट सेंडिंग द पॅकिंग लिस्ट’ असा मेल गेला होता. ‘फरगेट’ दोन्ही याद्यांत येतो, त्यामुळे यादी तिथे मदत करत नाही.

मदत मराठी करते. ‘पाठवायला विसरले’ आणि ‘पाठवल्याचं विसरले’ यांत तिने आयुष्यात कधी घोटाळा केलेला नाही. पहिल्यात पाठवणं पुढे होतं आणि झालंच नाही: ‘फरगॉट टु सेंड’. दुसऱ्यात पाठवून झालंय आणि आठवण गेली: ‘फरगॉट सेंडिंग’. तिच्या वाक्याचा अर्थ असा होत होता की लिस्ट पाठवली होती, पण पाठवल्याचं लक्षात नाही. ‘रिमेंबर’चंही तेच: ‘पाठवायचं लक्षात ठेवा’ आणि ‘पाठवल्याचं आठवतं’. ‘रिग्रेट’ही त्याच घरातलं. ‘स्टॉप’ जरा वेगळं, पण तिथेही ‘शेड तपासायला थांबलो’ आणि ‘शेड तपासायचं थांबवलं’ हे मराठी स्वच्छ सांगतं. ‘वी स्टॉप्ड चेकिंग द शेड’ असं ग्राहकाला लिहिलं तर तो घाबरेल हे तिला सांगावं लागलं नाही.

दुसरी क्रिया अजून पुढे असेल तर ‘टु’, मागे किंवा चालू असेल तर ‘आयएनजी’: ‘प्लॅन’, ‘प्रॉमिस’, ‘होप’, ‘अग्री’, ‘रिफ्यूज’ एका बाजूला, ‘फिनिश’, ‘ॲडमिट’, ‘डिनाय’, ‘कीप’ दुसऱ्या. बराच भाग असा समजुतीने येतो. सगळा येत नाही. ‘सजेस्ट’, ‘कन्सिडर’, ‘पोस्टपोन’ आणि ‘अव्हॉइड’ यांची क्रिया पुढेच असते, तरी ‘आयएनजी’ घेतात. त्याला तर्क शोधत बसण्यापेक्षा हे चार पाठ करावेत. ‘वी सजेस्ट चेंजिंग द शेड.’

‘लुक फॉरवर्ड टु’ने तिला सर्वांत जास्त छळलं, कारण ‘टु’ दिसला की हात साधं क्रियापद लिहितो. तिथे एक चाचणी लागू पडते: त्या ‘टु’पुढे नुसतं नाम ठेवून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टु युअर रिप्लाय’ बसतं ना? मग क्रियापदालाही नामासारखं करून ठेवा: ‘टु रिसीव्हिंग’. ‘बी यूज्ड टु’ आणि ‘ऑब्जेक्ट टु’ यांनाही हीच चाचणी.

चिठ्ठ्या

वर हे सगळं एकापाठोपाठ एक लिहिलंय, पण तसं शिकवलं असतं तर पुन्हा धडेच झाले असते. प्रत्यक्षात सुरुवातीपासून सगळं मिसळून चाललं. बाद झालेल्या कार्टन लेबलांच्या कोऱ्या बाजूवर ती दिवसभरात अडलेलं वाक्य मराठीत लिहायची. मागच्या चिठ्ठ्यांत ती टाकायची, पिसायची आणि संध्याकाळी हाताला येईल ती उचलायची. नियम एकच: इंग्रजी बोलण्याआधी निर्णय बोलायचा. ‘आज उभी आहे, काम चालू आहे, करणारा सांगायचा नाही.’ मग ‘इज बीइंग डाइड’. निर्णय चुकला तर चिठ्ठी दुसऱ्याच दिवशीच्या गठ्ठ्यात, बरोबर आला तर काही दिवसांनी.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. वहीत शंभर टक्के मिळवणारी मुलगी निम्म्या चिठ्ठ्यांवर अडायला लागली आणि तिला वाटलं की होतं तेही गेलं. ‘मॅडम, आधीचंच बरं होतं की,’ असं ती सरळ म्हणाली. तेव्हा तिला २००७ चा रोहरर आणि टेलर यांचा प्रयोग सांगितला. तो गणितावरचा आहे, पण प्रश्न हाच. एका गटाने घनाकृतींच्या घनफळाची उदाहरणं एकेका प्रकाराने सलग सोडवली, दुसऱ्याने मिसळून. सरावाच्या वेळी सलग सोडवणाऱ्यांना ८९ टक्के, मिसळणाऱ्यांना ६० टक्के. आठवड्यानंतरच्या परीक्षेत सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळणारे ६३ वर राहिले. घनफळ म्हणजे क्रियापद नव्हे, हे मान्य. पण कुठलं सूत्र लावायचं ते आधी ओळखावं लागणं ही अडचण दोन्हीकडे सारखी आहे. आकडे ऐकून ती हिशेबी मुलगी जरा थांबली आणि लेबलं जमवत राहिली.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास कारखान्याला सुट्टी होती, त्या दिवसांत चिठ्ठ्याही बंद होत्या. परत आल्यावर मला धास्ती होती. पॅसिव्ह टिकून होतं, मोडलही. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ पुन्हा एकमेकांत मिसळले होते.

सध्या

तिच्या मेलमधली माल कुठे पोहोचला हे सांगणारी वाक्यं आता मला तपासावी लागत नाहीत. तपासणीचा दिवस मागताना ती ‘हॅव बीन पॅक्ड’ लिहिण्याआधी खाली जाऊन पेट्या मोजून येते. हा व्याकरणाचा भाग नाही, पण त्या सवयीशिवाय व्याकरण काही कामाचं नव्हतं. तक्रारीच्या मेलमध्ये ‘मस्ट हॅव’ आणि ‘मे हॅव’ यांवर ती अजून मला फोन करते. बोलताना मात्र फार मागे आहे. व्हिडिओ कॉलवर ग्राहकाने घाईने विचारलं की ‘आर पॅकिंग’ तोंडातून निघतंच, कारण तिथे निर्णय घ्यायला वेळ मिळत नाही. त्यासाठी आता चिठ्ठी उचलल्याबरोबर, निर्णय न सांगता, थेट इंग्रजीत बोलायचा सराव सुरू केला आहे. लिहिण्याचा पाया झाल्यावरच तो सुरू करायचा हे मी मुद्दाम ठरवलं होतं.

मालकांनी मध्यंतरी विचारलं की तिची सगळी वाक्यं छापून ऑफिसातल्या बाकीच्यांना द्यावीत का, म्हणजे प्रत्येकाला शिकवत बसायला नको. ऑर्डरच्या टप्प्यांची वाक्यं द्यायला हरकत नाही म्हटलं; तिथे रंगाई ते कंटेनर असा ठरलेला रस्ता आहे आणि तक्ता भिंतीवर लावला तरी चालेल. पेमेंटची आणि तक्रारीची वाक्यं देऊ नका म्हटलं. ती दर वेळी समोरच्या माणसाकडे बघून ठरवावी लागतात. पॅकिंग विभागाच्या दाराशी आता टप्प्यांचा तक्ता आहे, मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी, आणि ‘बीइंग’ कोणीतरी लाल पेनाने दोनदा अधोरेखित केलंय.